कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या क्लेअरची फ्रेंच 'मोडकी' आहे का? सरावासाठी तिथे जावं का? आणि हे लोक मूळचे कोण?

तुम्ही हॅलिफॅक्सला राहून फ्रेंच शिकताय आणि कुणीतरी सांगितलं की क्लेअरची फ्रेंच मोडकी आहे, तिथे गेलात तर शिकलेलं बिघडेल. जा, बिनधास्त जा. पण तो 'मोडकी' शब्द आधी खोडा.

तिथली जुनी माणसं 'आम्ही बोलतो' याला 'ज पार्लों' म्हणतात. तुमच्या पुस्तकात 'नू पार्लों' आहे आणि 'ज' म्हणजे 'मी', म्हणून ती चूक वाटते. सोळाव्या-सतराव्या शतकात खुद्द फ्रान्समध्ये हे रूप सर्रास होतं. नकाराला 'पा'ऐवजी 'प्वँ', सत्तरला 'सप्तांत', नव्वदला 'नोनांत', हेही तसंच जुनं. 'द्य'चा 'ज' होतो, म्हणून 'आकाद्येन', म्हणजे तिथल्या आकादियन लोकांची भाषा, तिथे 'आकाजॉन'. अमेरिकेतल्या लुइझियानात गेलेल्या आकादियनांच्या वंशजांना म्हणतात तो 'केजन' हा शब्दही याच उच्चारातून आला. प्रत्येक रूपामागे नियम आहे. मालवणीला 'अशुद्ध मराठी' म्हणणाऱ्यांशी जो वाद घालावा लागतो, तोच हा.

आता माणसं. हे आकादियन. पूर्वज सतराव्या शतकात फ्रान्सहून फंडीच्या उपसागराकाठी आले आणि त्यांनी खाजण आटवून शेती केली. कोकणातला खारबंधारा आणि त्याची उघाडी, किंवा गोव्यातली मानस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन कळेल. खाऱ्या गवताच्या मुळांनी घट्ट झालेली ढेकळं फावड्याने विटांसारखी कापायची आणि रचून बांध घालायचा. बांधाच्या पोटातून लाकडी नाळ, तिच्यात वरून टांगलेली फळी, जी फक्त समुद्राच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतलं गोडं पाणी फळी ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच ती दाबून बंद करतो. याला ते 'आब्वातो' म्हणत. मग दोन-तीन वर्षं पावसाने आणि बर्फाने मीठ धुऊन निघेपर्यंत थांबायचं, त्यानंतर गहू. फळीत ओंडका अडकला किंवा गाळ साचला, तर फळी नीट बसत नाही, खारं पाणी आत शिरतं आणि ती दोन-तीन वर्षं पुन्हा मोजायला लागतात. त्यातून तिथली भरती जगातल्या सर्वांत उंच भरतींपैकी, मिनास खोऱ्यात १६ मीटरपर्यंत. बांध ही एकट्याची गोष्टच नव्हती, अख्खं गाव राबायचं.

१७५५ मध्ये ब्रिटिश लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सने या लोकांना हद्दपार करायला सुरुवात केली. गावं जाळली, कुटुंबं जहाजांत कोंबून अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये विखुरली. नोव्हेंबर १७५९ च्या वादळात बांध फुटले. १७६० पासून न्यू इंग्लंडचे शेतकरी तिथे वसवले गेले, पण त्यांना हे बांधकाम येत नव्हतं. तेव्हा कैदेतल्या आकादियनांनाच बोलावून, त्यांच्याच हिरावलेल्या जमिनीचे बांध त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतले. इतिहासात मला याहून जास्त छळणारी गोष्ट सापडलेली नाही.

१७६४ मध्ये परतीची मुभा मिळाली ती राजनिष्ठेच्या शपथेवर, लहान-लहान गटांत पांगून राहायच्या अटीवर. १७६८ पासून सेंट मेरीच्या उपसागराकाठी जमीन वाटली, तेच आजचं क्लेअर. खडकाळ किनारा, मागे जंगल. खाजणाचे शेतकरी मासेमार, लाकूडतोडे, जहाजं बांधणारे झाले. ग्रोस कोक या गावाचं नावच तिथल्या मोठ्या शिंपल्यांवरून पडलंय. सुरुवातीच्या हिवाळ्यांत लोक त्यांवर तगले.

"कोपऱ्यात पडले म्हणून भाषा टिकली" हे मी फार वेळा ऐकलंय आणि ते अर्धवट आहे. कोपऱ्यात पडलेल्या कितीतरी भाषा मेल्या. इथे १७९९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीतून निसटलेला पाद्री ज्याँ-मांदे सिगोन्य आला आणि १८४४ मध्ये मरेपर्यंत राहिला. १८९० मध्ये सेंट-आन कॉलेज निघालं, आज ते विद्यापीठ आहे. २०१२ मध्ये प्रांताच्या विधानसभेतला क्लेअरचा स्वतंत्र मतदारसंघ मोडून शेजारच्या डिग्बीला जोडला. आकादियनांची संघटना कोर्टात गेली, २०१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२१ च्या निवडणुकीत मतदारसंघ परत आला. जेमतेम आठ हजार वस्तीच्या भागाने भाषा अशी भांडून राखली. नगरपालिकेचा कारभारही फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत चालतो.

सरावाचं म्हणाल तर आधी पंधरा दिवस तिथलं सिफा हे सामुदायिक रेडिओ केंद्र ऐका, कान तयार होईल. मग सेंट-आनचा पाच आठवड्यांचा निवासी वर्ग बघा. तिथे फ्रेंचखेरीज काही बोलायचं नाही हा नियम आहे.

एक सांगायचं राहिलं. सगळेच 'ज पार्लों' म्हणत नाहीत, तरुणांत पुस्तकी फ्रेंच वाढतेय. इंग्रजीची सरमिसळही खूप आहे, 'परत येणे' याला 'वनीर बॅक' सहज म्हणतात. परीक्षा द्यायची असेल तर ही रूपं पेपरात लिहू नका, गुण कापतील. आणि ज्या किनाऱ्यांबद्दल मी इतकं लिहिलं, ते आकादियनांच्याही आधीपासून मिकमॉ लोकांचे आहेत.

तिथे कुणाचं घर विचारताना आडनाव सांगून भागत नाही. कोमो, सोल्न्ये, तिबोदो, लब्लाँ अशी मोजकीच आडनावं किनाराभर आहेत. माणूस, त्याचा बाप, आजा अशी साखळी लावतात: 'ज्याँ आ प्येर आ शार्ल'. ती साखळी आधी विचारून घ्या, मगच निघा.