वर्डमधली मराठी प्रश्नपत्रिका मूडलमध्ये (ऑनलाइन शिकवण्या-परीक्षांच्या प्रणालीत) घेतली की प्रश्न गळतात, पर्याय एकमेकांत मिसळतात. फाइल कशी तयार करावी?

तुमचं दुखणं थोडक्यात असं: चाचणीचे ५० बहुपर्यायी प्रश्न बाहेरून वर्डमध्ये टाइप करून घेतले, वर्ड फाइलचे प्रश्न करून देणाऱ्या टूलमध्ये टाकले, तर ३७च प्रश्न निघाले. काहींचे चारही पर्याय एका ओळीत चिकटले आणि सात-आठ ठिकाणी मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतोय. टूल बदलू का, असं विचारताय. आत्ताच नका बदलू. फाइल तीच राहिली तर नवीन टूलही हेच करेल.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. २०२०च्या टाळेबंदीत 'मॅडमना कॉम्प्युटरचं जरा कळतं' म्हणून ऑनलाइन परीक्षांचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते अजून तिथेच आहे. त्यामुळे यातल्या बहुतेक खड्ड्यांत मी स्वतः पडून झालेय.

आधी भुग्याचं बघू, कारण तो असेपर्यंत बाकी काही करून उपयोग नाही. टायपिंगवाल्याने कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असा एखादा जुना फॉन्ट वापरलेला असणार. हे फॉन्ट मराठी 'दाखवतात', पण फाइलमध्ये मराठी नसतं. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलच्या पोटात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं बसतात. फॉन्ट फक्त त्यांच्यावर म, र, काना, ठ, वेलांटीचे मुखवटे चढवतो. टूलला मुखवटा दिसत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी राहिलं तर युनिकोड (यात फाइलमध्ये खरी मराठी अक्षरंच साठवली जातात), भुगा झाला तर जुना फॉन्ट. तुमच्या फाइलमध्ये सात-आठच ठिकाणी भुगा आहे, म्हणजे ते प्रश्न मागच्या वर्षीच्या जुन्या पेपरातून उचलून चिकटवलेले दिसतात.

जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात. वापरा, पण नंतर डोळ्यांखालून घालाच. पहिली वेलांटी आणि रफार आधी तपासा. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा, त्यामुळे घसरगुंडी तिथेच होते. शिवाय मूळ फाइलमध्ये इंग्रजीत लिहिलेले शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून बदलून टाकतो. माझ्या एका पेपरात इंग्रजी लिपीतल्या 'डीएनए'चं 'क्छ।' झालं होतं. मुलांनी ते मला वर्षभर ऐकवलं.

आता पर्याय चिकटण्याचं. छापील पेपरात कागद वाचवायला आपण दोन पर्याय एका ओळीत आणि दोन पुढच्या ओळीत बसवतो, मध्ये टॅब मारून किंवा अदृश्य रेषांचा तक्ता करून. कागदावर छानच दिसतं. टूलला मात्र ते दोन ओळींचे दोनच पर्याय वाटतात. टूलसाठीची फाइल आणि झेरॉक्सची फाइल वेगळी ठेवा, आणि टूलच्या फाइलमध्ये एका ओळीत एकच गोष्ट: प्रश्न एका ओळीत, प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीत, उत्तर स्वतंत्र ओळीत. तक्ता नको, दोन रकाने नकोत, मजकुराच्या चौकटी तर नकोतच.

ओळ म्हणजे खरा एंटर. शिफ्ट धरून एंटर मारला तरी वर्ड ओळ बदलते, पण परिच्छेद तोच राहतो आणि टूलच्या लेखी सगळं एकच असतं. होम टॅबवरचं परिच्छेदाचं चिन्ह दाबलंत की फरक दिसतो: खऱ्या एंटरला उलट्या पीसारखं चिन्ह, शिफ्ट-एंटरला वाकडा बाण. सगळे बाण एकदम घालवायचे तर फाइंड-रिप्लेसमध्ये शोधायला कॅरेट (^ हे चिन्ह) आणि लहान एल द्या आणि बदलायला कॅरेट आणि लहान पी. माझ्या अनुभवात चिकटलेले निम्मे पर्याय एवढ्यानेच सुटतात.

आपोआप येणारे क्रमांक हा दुसरा छुपा चोर. १, २, ३ वर्डनेच घातले असतील तर ते मजकुराचा भाग नसतात. ते परिच्छेदाला चिकटवलेली सूचना असते. वर्ड फाइल थेट वाचणाऱ्या अनेक प्रोग्रॅमना ते आकडे दिसतच नाहीत. आकडा नाही म्हणजे प्रश्न कुठे सुरू झाला ते कळलं नाही, म्हणजे तो आधीच्या प्रश्नाच्या शेपटीला गेला. तुमचे १३ प्रश्न 'गळाले' म्हणताय ना, ते बहुधा आधीच्याच प्रश्नांच्या पोटात सापडतील. सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला की हे आकडे खरे होतात. फक्त आकड्यानंतर टॅब येतो, तिथे स्पेस करून घ्या. अंकही एकाच लिपीतले ठेवा. काही टूलं मराठी १ आणि इंग्रजी १ दोन्ही ओळखतात, काही फक्त इंग्रजी.

उत्तराच्या ओळीवर जरा थांबते, कारण इथली चूक ओरडून सांगत नाही. 'उत्तर' लिहून पुढे दोन टिंबं देतो, त्यात आपल्यापैकी अनेकजण कोलनऐवजी विसर्ग टाइप करतात. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ. टूल कोलन शोधत असतं, त्याला तो सापडत नाही, आणि प्रश्नाला उत्तरच नाही असं ते ठरवतं. नोटपॅडमध्ये कोलन शोधून किती वेळा सापडतो ते मोजा. ५० हवेत, ४१ निघाले तर नऊ विसर्ग लपलेत. (प्रश्नांच्या मजकुरात कोलन असेल तर तेवढे वजा करा.)

दुसरी चूक माझीच. प्रश्न होता, रातांधळेपणा कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होतो? पर्याय मी दिले असे: अ) ड, ब) क, क) ब, ड) अ. खाली उत्तर लिहिलं, 'अ'. माझ्या डोक्यात जीवनसत्त्व अ होतं, टूलने पर्याय अ धरला. जीवनसत्त्व अ बरोबर निवडणाऱ्या सगळ्यांना शून्य, आणि ड निवडणाऱ्यांना गुण. निकाल लागून दोन दिवस झाल्यावर एका मुलीने वर्गात हात वर केला तेव्हा कळलं. तेव्हापासून उत्तर कायम पर्यायाचं अक्षरच, उत्तराचा मजकूर कधीच नाही. आणि अशा प्रश्नात 'जीवनसत्त्व ड' असं पूर्ण लिहायचं. उत्तर मजकुरात न देण्याला आणखी एक कारण आहे: 'ॲसिड'मधला ॲ युनिकोडमध्ये दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो एकसारखाच. पर्यायात एका तऱ्हेचा आणि उत्तरात दुसऱ्या तऱ्हेचा आला की टूल म्हणतं, जुळत नाही.

बरोबर पर्याय ठळक करून किंवा पिवळा रंगवून ठेवायची सवय असेल तर सोडा. साध्या मजकुरात रूपांतर होताना रंग आणि ठळकपणा दोन्ही धुऊन जातात.

घातांकांचंही तसंच. माणसाच्या एकगुणित जनुकसंचात ३.३ गुणिले १० चा नववा घात इतक्या बेस पेअर असतात. वर्डमध्ये वरचा ९ सुपरस्क्रिप्टने दिलात तर तो फक्त वर उचललेला साधा ९ असतो. रूपांतरानंतर पर्यायात '१०९' दिसतं, शेजारच्यात '१०६', आणि कोणतंही टूल त्रुटी दाखवत नाही. वर्डच्या समीकरण-संपादकात लिहिलेली सूत्रं बऱ्याचदा सरळ गायबच होतात, पर्याय रिकामा येतो. मूडलवर टेकचं (सूत्रं साध्या मजकुरात लिहायच्या पद्धतीचं) फिल्टर चालू असेल तर सूत्राच्या आधी दोन आणि नंतर दोन डॉलर चिन्हं देऊन ते लिहा, नाहीतर असे चार-पाच प्रश्न हाताने घाला. मी हातानेच घालते. आकृत्यांच्या प्रश्नांचंही तेच.

इंग्रजी माध्यमाची फाइल करताना एक गंमत ध्यानात असू द्या: कंसात सी टाइप केलं की वर्ड त्याचं कॉपीराइटचं चिन्ह करून टाकते आणि तिसरा पर्याय हरवतो. ऑटोकरेक्ट बंद करा.

मी स्वतः आता वर्डची फाइल टूलला देतच नाही. मूडलमध्ये एकेन नावाचा साध्या मजकुराचा फॉरमॅट आहे, तो वापरते. नियम चारच, पण कडक. प्रश्न एका ओळीत. प्रत्येक पर्यायाच्या सुरुवातीला इंग्रजी मोठ्या लिपीतलं ए, बी, सी, डी, त्याला लागून टिंब किंवा कंस, मग एक स्पेस. शेवटच्या ओळीत इंग्रजी मोठ्या लिपीत 'अ‍ॅन्सर', लगेच कोलन, स्पेस आणि अक्षर. अ, ब, क, ड इथे चालत नाहीत. प्रश्न आणि पर्यायांचा मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहा. प्रश्नाच्या आधी क्रमांक लागत नाही, असेल तर तो प्रश्नाचाच भाग होऊन बसतो. फाइल नोटपॅडमधून सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघा. जुन्या विंडोजवर 'अँसी' राहिलं तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, आणि ती परत मराठी करता येत नाही.

इम्पोर्ट करताना 'त्रुटी आली की थांबा' हा पर्याय चालूच ठेवा. तो बंद केला की चुकलेला प्रश्न वगळून गाडी पुढे जाते, आणि काय राहिलं ते नंतर शोधत बसावं लागतं.

चढवण्याआधी एक मोजणी करते. एका प्रश्नाच्या सहा ओळी, म्हणजे ५० प्रश्नांच्या ३००. मधल्या रिकाम्या ओळी काढून फाइलच्या शेवटच्या ओळीवर कर्सर ठेवा, नोटपॅड खालच्या पट्टीत ओळ क्रमांक दाखवतो. ३०० नसेल तर चढवूच नका. २९८ आली तर कुठेतरी पर्याय चिकटलेत, ३०३ आली तर लांब प्रश्न दोन-तीन ओळींत फुटलाय.

उताऱ्यावरचे प्रश्न असतील तर उतारा प्रत्येक प्रश्नात पुन्हा द्या, कारण प्रश्न सुटे होऊन वेगवेगळ्या क्रमाने येतात. पर्याय उलटसुलट करण्याची सोय चालू असेल तर 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय सगळ्यात वरही येऊन बसतो. त्याऐवजी 'दिलेले सर्व' लिहा.

तुमच्या फाइलपुरतं सांगायचं तर क्रम असा धरा: भुगा झालेले सात-आठ प्रश्न फाइलमधून काढा आणि युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. एवढ्यांसाठी कन्व्हर्टरच्या नादी लागू नका, टाइप करणं लवकर होईल. मग शिफ्ट-एंटरचे बाण घालवा, नोटपॅडमध्ये न्या, विसर्ग शोधा, ओळी मोजा. पहिले पाच प्रश्न वेगळ्या फाइलमध्ये चढवून बघा आणि विद्यार्थी म्हणून स्वतः सोडवा, मुद्दाम दोन चुकवून. पाचपैकी तीन गुण आले की उरलेले ४५ चढवा.