गोव्यात रोज बाहेर जेवायचं तर कुठल्या भागात?

नोकरीसाठी पणजीत आलोय, खोलीवर चूल नाही, तर पणजी, म्हापसा की कळंगुट, कुठलं बाहेरचं जेवण तब्येतीला बरं, असं तुम्ही विचारलंय. मी पणजीत अकरा वर्षं बाहेरच जेवलोय. माझं म्हणणं, भाग बघू नका, दुपारी तिथे कोण जेवतं ते बघा.

जिथे कचेऱ्यांतली आणि बँकांतली माणसं रोज येतात, तिथे कालचं हुमण, म्हणजे माशांची आमटी, खपत नाही. शीत (भात), हुमण, एक भाजी, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सोलकढी. अडीच वाजेपर्यंत टोप रिकामे. अशा खानावळी पणजीच्या बाजाराजवळ आहेत, म्हापशात, मडगावात आहेत, कळंगुटच्या आतल्या वाड्यांवरही सापडतात. किनाऱ्यालगतच्या हॉटेलात शंभर-दीडशे पदार्थ लिहिलेले दिसले की समजा, बरंचसं फ्रीजरमधून येणार.

थाळीतही जपायला लागतं. मला सदतिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी आधी किसमूर (सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, कोशिंबीर) आणि लोणचं बंद करायला लावलं. सुक्या सुंगटांत मीठ मुरलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचासुद्धा नाही. मासळी रवा लावून तव्यावर भाजून मागा, कढईतली नको.

रात्रीच्या गाड्यांवर तेलाचा रंग बघा. वापरलेल्या तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते टाकून द्यायचं, असा नियम आहे. गाड्यावर ते कोण मोजणार? काळपट, फेसाळ तेल दिसलं की मी पुढे जातो. गोबी मंचुरियन तर नकोच. कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेपायी म्हापसा पालिकेने २०२४ मध्ये त्यावर बंदीच घातली. रोस ऑम्लेट (रस्सा घातलेलं ऑम्लेट) मात्र मला फार आवडतं, आठवड्यातून एकदा खातो, साध्या पावाऐवजी कोंड्याच्या पोईबरोबर, म्हणजे गोव्याच्या गोल पावाबरोबर.

पार्सल नेणार असाल तर स्वतःचा स्टीलचा डबा न्या. कढत हुमण पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, ते मला अजिबात पटत नाही.

आणि रविवारी बऱ्याच खानावळी बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच पोदेराकडून (पाववाल्याकडून) पोई घ्या, केळी आणि अंडी आणून ठेवा. विजेच्या किटलीत अंडी छान उकडतात.