मँगनाइटमधला इलेक्ट्रॉन अडतो कशाने? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही एम.एस्सी. प्रकल्पासाठी लँथॅनम ०.७, कॅल्शियम ०.३ या प्रमाणाचे मँगनाइट (मँगनीजचे चुंबकीय ऑक्साइड) केले. विद्युतरोधाचे शिखर २५० केल्विनजवळ यायला हवे होते. आमचे आले २१० ला, तेही पसरट. हा स्पिन पोलॅरॉनचा (शेजारच्या अणूंचे स्पिन, म्हणजे सूक्ष्म चुंबक, एका दिशेला आणून त्यात अडकलेल्या इलेक्ट्रॉनचा) परिणाम म्हणावा का? – विद्यार्थी गट, सांगली

उत्तर : एवढ्यात नको. आधी क्यूरी तापमान (ज्याच्या खाली नमुना चुंबकीय होतो ते) वेगळे मोजा. पेलेटभोवती (चूर्ण दाबून केलेल्या वडीभोवती) बारीक एनॅमल तारेचे शंभरेक वेढे घ्या, इंडक्टन्स मोजणारे एलसीआर मीटर जोडा आणि थंड करत जा. इंडक्टन्स जिथे झपकन वाढतो ते क्यूरी तापमान. ते २५० जवळ असेल आणि फक्त रोधाचे शिखर खाली असेल, तर दोष कणांच्या सीमांचा आहे : पेलेट कच्चे भाजले गेले. १३०० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवा. दोन्ही खाली सरकले असतील तर घटकांचे प्रमाणच चुकले आहे.

तिथे पहिला संशय ऑक्सिजनवर. पेलेट गरम असतानाच भट्टीबाहेर काढले की ऑक्सिजन कमी राहतो. सूत्रात ३ ऐवजी २.९५ ऑक्सिजन राहिला, तर चार-संयुजी मँगनीज ३० टक्क्यांवरून २० वर येते. म्हणून हवेत मिनिटाला १-२ अंशांनी उतरवा. खात्रीसाठी आयोडिन टायट्रेशन करा : ५० मिलिग्रॅम चूर्ण, पोटॅशियम आयोडाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, वर नायट्रोजनचा प्रवाह (नाहीतर हवाच आयोडाइडचे आयोडिन करते). ०.०२ नॉर्मल थायोसल्फेट १५.३ मिलिलिटर लागले तर ऑक्सिजन बरोबर.

दुसरा संशय लँथॅनम ऑक्साइडच्या बाटलीवर. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत ती उघडी राहिली की चूर्ण पाणी धरून हायड्रॉक्साइड होते, फुगून भुसभुशीत दिसते. पूर्ण बदललेले चूर्ण तोलले तर लँथॅनम १४ टक्के कमी पडते. मग कॅल्शियमचा वाटा ०.३० चा ०.३३ होतो आणि दहावा हिस्सा मँगनीज बाहेर राहते. एक्स-रे आलेखात ३६ अंशांजवळ मँगनीज ऑक्साइडची रेघ दिसते ती हीच. तोलण्याआधी ते १००० अंशांवर रात्रभर तापवा, डेसिकेटरमध्ये गार करा, लगेच तोला. ५ ग्रॅम मालासाठी : लँथॅनम ऑक्साइड २.६८७, कॅल्शियम कार्बोनेट ०.७०८, मँगनीज डायऑक्साइड २.०४९ ग्रॅम.

प्रश्न : आमच्याकडे द्रव नायट्रोजन मिळतो तो जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कॅनमधलाच. ७७ केल्विनच्या खाली जाता येत नाही. तेवढ्यात स्पिन पोलॅरॉन ओळखता येईल का? – प्राध्यापिका, कराड

उत्तर : येईल, कारण खरा मजकूर क्यूरी तापमानाच्या वर आहे. मँगनीजचा फिरता इलेक्ट्रॉन शेजारी उडी मारतो तेव्हा तिथल्या अणूचा स्पिन जुळलेला लागतो. दोन स्पिनमधल्या कोनाच्या निम्म्याचा कोसाइन घ्या, तेवढी उडीची ताकद (अँडरसन आणि हासेगावा, १९५५). वर तापमानाला सगळे स्पिन विस्कटलेले असतात. मग इलेक्ट्रॉन आपल्याभोवतीचे थोडे स्पिन एका दिशेला आणतो आणि त्याच खोलगटात बसतो. हा स्पिन पोलॅरॉन. बसण्याची किंमत मात्र मोठी : मोकळ्या इलेक्ट्रॉनला १ नॅनोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंडायला ०.३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. शिवाय स्पिन रांगेत आणल्याने एंट्रॉपी घटते, आणि हा भुर्दंड तापमानाबरोबर वाढत जातो. तरी १९९७ मध्ये न्यूट्रॉन विकिरणातून क्यूरी तापमानाच्या वर सुमारे १२ अँगस्ट्रॉमचे चुंबकीय पुंजके दिसले.

पण मँगनाइटमध्ये ऑक्सिजनचा अष्टफलकही (मँगनीजभोवतीचे सहा ऑक्सिजन) ताणला जातो. ०.८ : ०.२ प्रमाणाच्या नमुन्यात ऑक्सिजन-१६ ऐवजी १८ घातला तर क्यूरी तापमान २० केल्विनच्या आसपास घसरते (१९९६). स्पिनला अणूच्या वजनाशी काय देणेघेणे? म्हणून इथे निव्वळ स्पिन पोलॅरॉन म्हणणे आम्हाला चुकीचे वाटते. स्पिन आणि जालक (अणूंची चौकट) दोघे मिळून इलेक्ट्रॉनला धरतात.

मोजणी २८० ते ४०० केल्विनमध्ये करा. चार टोकांनी रोधकता घ्या, प्रवाह १ मिलिअँपिअर, दर वाचनाला दिशा उलटवा म्हणजे तापविद्युत दाब वजा होतो. रोधकता भागिले तापमान, त्याचा नैसर्गिक लॉग, तापमानाच्या व्यस्ताशी काढा. उतार ११६० केल्विन आला तर उडीचा अडथळा ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. मग टोकांत ५ केल्विनचा फरक ठेवून थर्मोपॉवर (तापमानातल्या दर केल्विन फरकामागे निघणारा विद्युत दाब) मोजा. तिथून निघणारी ऊर्जा दहा मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात, म्हणजे कितीतरी लहान आली, तर इलेक्ट्रॉन पोलॅरॉन होऊन उड्या मारतो. दोन्ही सारख्या आल्या तर साधा अर्धवाहक समजा. कोणता पोलॅरॉन, हे ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी १ टेस्ला क्षेत्र लावून तीच मोजणी पुन्हा करा : अडथळा उतरला, तर त्यात स्पिनचा वाटा आहे. तापमान ०.१ केल्विनच्या आत स्थिर ठेवा. क्यूरी तापमानाजवळ रोध दर केल्विनला काही टक्के बदलतो, आणि नुसते तापमान सरकले तरी ते चुंबकाचे काम वाटते.

७७ केल्विनला ०.१ टेस्लातच रोध झपाट्याने पडलेला दिसेल. ती घट कणांच्या सीमा ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनची आहे. पोलॅरॉनच्या तक्त्यात ती धरू नका.