अँटीव्हायरस राहू द्या, आधी बॉन्ड परत करा

आर्णी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. गावात ऑनलाइनचं सेंटर चालवतात. सातबारा, पीक विम्याचे अर्ज, ई-केवायसी, थंब मशीनवर पैसे काढून देणं, अशी कामं. वय २९, पत्नी, एक लहान मुलगी, वडिलांच्या नावावर पाच एकर कोरडवाहू. प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "अँटीव्हायरसचे १,५०० रुपये भरू का नको? थंब मशीनचा ड्रायव्हर टाकला तरी व्हायरस म्हणते, फोटोचं सॉफ्टवेअर टाकलं तरी व्हायरस म्हणते. खोट्या वार्निंग देणाऱ्या वस्तूले पैसे कायले द्याचे?"

प्रश्न रास्त आहे. पण पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी आणखी चार ओळी लिहिल्या आहेत: "रोज लाल खिडकी येते म्हणून खात्यात पैसे ठेवाची भीतीच वाटते. बँकेतल्या साहेबांनी ६०,००० ची एफडी करून देली. पाच वर्षांत डबल, अन् त्यातले पैसे हॅक होत नाहीत म्हणे. दहा दिवसांपूर्वी तिचा बॉन्ड पोस्टानं आला. सोसायटीचं कर्ज यंदा भरत नाही, माफी होणारच आहे."

म्हणजे विचारलं १,५०० बद्दल आणि सांगितलं ६०,००० बद्दल.

भाऊ, एफडीची पावती बँक देते. विमा कंपनीच्या नावाचा बॉन्ड पोस्टानं येतो तो पॉलिसीचा. तुम्ही पहिल्या पानाचा फोटो पाठवलात हे बरं झालं. त्यावर स्वच्छ छापलं आहे: वार्षिक हप्ता ६०,०००, हप्ते भरायचे १० वर्षं, मुदत २० वर्षं, शेवटी मिळणार १२ लाख, विमा रक्कम ६ लाख. पाच वर्षांचा उल्लेख कुठंही नाही. पुढच्या वर्षी याच महिन्यात आणखी ६०,००० मागतील, तेव्हा ते कुठून आणणार होतात?

आता हिशोब. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास १५ टक्के. हमी देऊन एवढं व्याज या देशात कुठलीही बँक देत नाही, पोस्ट देत नाही, विमा कंपनी तर नाहीच. तुमच्या कागदाप्रमाणे ६ लाख भरून विसाव्या वर्षी १२ लाख मिळतात. हप्ते दहा वर्षांत विभागून जातात, त्यामुळे प्रत्येक रुपया सरासरी सोळाएक वर्षं तिथं अडकतो. सोळा वर्षांत दुप्पट म्हणजे साडेचार टक्के. हेच हप्ते पोस्टातल्या पीपीएफ या सरकारी बचत योजनेत भरून रक्कम मुदतवाढ घेत विसाव्या वर्षापर्यंत तशीच ठेवली, आणि ७.१ टक्के दर टिकला, तर साडेसतरा लाखांच्या आसपास जातात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, तो खाली येऊ शकतो. सहा टक्क्यांवर आला तरी १२ लाखांच्या वरच राहाल.

आणि विमा म्हणावा तर तोही नाही. तुम्ही गेलात तर घरच्यांना सहा लाख. मुलीचं शिक्षण आणि म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना त्यात किती वर्षं निघेल? साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू आला तरच पैसे देणारा, घेतला तर तुमच्या वयात ५० लाखांचं संरक्षण कंपनीनुसार वर्षाला सहा-सात हजारांच्या घरात मिळतं. उत्पन्नाचा पुरावा मागतील, म्हणून सेंटरच्या कमिशनवर यंदापासून आयकर विवरणपत्र भरायला लागा. तोवर बँकेतच पंतप्रधान जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये भरा. पहिल्यात कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. याच काउंटरवर मिळतात, पण त्यांची नावं कुणी साहेब आपणहून काढत नाही.

सुटकेचा रस्ता अजून उघडा आहे. बॉन्ड हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात. जेवढे दिवस संरक्षण मिळालं त्याचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि झाली असेल तर वैद्यकीय तपासणी, एवढंच कापून बाकी पैसे परत मिळतात. हे वाचाल तेव्हा तुमच्याकडे दोनेक आठवडे असतील. अर्ज विमा कंपनीच्या नावे लिहा, पॉलिसी क्रमांक घाला, "मला एफडी सांगून पॉलिसी दिली" हे कारण लिहा, ईमेल करा आणि शाखेत प्रत देऊन शिक्क्याची पोच घ्या. पोस्टाचं पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तोच. साहेब म्हणतील, "दोन-तीन वर्षं भरा, मग बंद करू." तेव्हा मोडायला गेलात तर भरलेल्यातला मोठा भाग तिथंच राहील. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाचं बीमा भरोसा पोर्टल, शेवटी विमा लोकपाल. लोकांचे अर्ज तुम्ही दिवसभर भरता, हा एक स्वतःचा भरा.

बॉन्डच्या मागच्या पानांत तुमच्या प्रस्ताव अर्जाची प्रत असेल, तीही वाचा. उत्पन्न भलतंच फुगवून लिहिलेलं सापडलं तर मला नवल वाटणार नाही. साहेबांनी तुम्हाला "विमा कंपनीचा फोन आला तर सगळ्याले हो म्हणजा" असं सांगून ठेवलं होतं, असंही तुम्ही लिहिता. प्रामाणिक वस्तू विकणाऱ्याला गिऱ्हाइकाला असं पढवावं लागत नाही.

आता कर्ज. वडिलांच्या नावे सोसायटीचं १,४०,००० पीककर्ज. कापसाचा चुकारा १,१०,००० आला, सोयाबीनचे ३०,००० शिल्लक होते. बेरीज करा, बरोबर कर्जाएवढी होते. त्यातले ६०,००० साहेबांच्या टार्गेटमध्ये गेले. मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत आणि केंद्राची सवलत मिळून तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. सात टक्के धरले तरी वर्षाचे दहा हजार, आणि थकीत झाल्यावर दर चढतो. म्हणजे साडेचार टक्के कमावण्यासाठी तुम्ही सात टक्क्यांचा खड्डा खणला. वर कर्ज नवंजुनं होणार नाही, म्हणून जूनमध्ये बी-खत उधारीवर. ५०,००० ला महिना तीन टक्के, सहा महिने: आणखी ९,०००.

माफीचं म्हणाल, तर २०१७ आणि २०१९ च्या माफ्यांची तारीख पाहा. २०१७ ची माफी दीड लाखापर्यंत होती आणि मूळ निर्णयात ३० जून २०१६ ला थकीत असलेली कर्जं धरली होती. २०१९ ची दोन लाखांपर्यंत, जाहीर डिसेंबरात, अट ३० सप्टेंबरला थकीत असण्याची. घोषणा आज आणि तारीख मागची, असंच दोन्ही वेळा झालं. आज मुद्दाम थकवलेलं कर्ज उद्याच्या यादीत बसेल याची हमी सोसायटीचा गटसचिवही देणार नाही. उलट २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांसाठी ५०,००० पर्यंत प्रोत्साहन रक्कम ठेवली होती. फ्री लूकचे पैसे आले की थेट सोसायटीत भरा, घरी आणू नका. मुदतीआधी आले नाहीत तर हाताशी असलेले ८०,००० धरून उरलेल्याची सोय करा, पाहुण्यांकडून महिनाभरासाठी घ्यावे लागले तरी चालेल.

राहिला अँटीव्हायरस. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या वार्निंग एकाच पोत्यात भरल्या आहेत.

थंब मशीनच्या ड्रायव्हरवरची, म्हणजे ते मशीन संगणकाला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवरची, बहुधा खरोखर खोटी. अँटीव्हायरस ओळखीच्या व्हायरसशी फाइल ताडून पाहतो, आणि अनोळखी फाइलची लक्षणं संशयास्पद वाटली तरी ओरडतो. छोट्या कंपनीचा, डिजिटल सही नसलेला, सिस्टिममध्ये खोलवर हात घालणारा ड्रायव्हर त्यात सापडतो. मोठ्या कंपन्याही चुकतात: एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर ऑफिसांतले संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसले. ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या, व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर तपासा, आणि तेवढ्या एकाच फाइलला परवानगी द्या. गिऱ्हाइकाचे आधार-सातबारा मात्र तिथं चढवू नका. तुम्ही तर अख्खी डी ड्राइव्ह तपासणीतून वगळली आहे. गावाचे पेन ड्राइव्ह त्याच ड्राइव्हमध्ये रिकामे होतात ना?

फोटोच्या सॉफ्टवेअरवरची वार्निंग मी खोटी मानत नाही. ते क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडून फुकट वापरलेलं आहे, तुम्हीच लिहिता. क्रॅकसोबत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात हे नेहमीचं आहे, आणि त्याच संगणकावर वडिलांच्या खात्याचं नेट बँकिंग उघडता. ते आजच थांबवा. क्रॅक काढा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, सेंटरचं खातं वेगळं करा. कधी पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि तीन कामकाजी दिवसांच्या आत बँकेला लेखी.

१,५०० भरू नका. विंडोजसोबत येणारा डिफेंडर फुकट आहे, तो चालू ठेवलात तर तुमच्या कामाला पुरतो. पण तुमचं विंडोज १०, आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विकतचा अँटीव्हायरस ते भोक बुजवत नाही. यंत्र विंडोज ११ घेतं का ते पाहा, नसेल घेत तर हे पैसे नव्या यंत्रासाठी बाजूला टाका.

तिसरी वार्निंग ती लाल खिडकी, जिच्या भीतीनं हे सगळं झालं. खाली उजव्या कोपऱ्यात येते, पाचशे व्हायरस सापडले म्हणते आणि रिन्यू करा म्हणते. ती तुमच्या अँटीव्हायरसची दिसत नाही. कुठल्या तरी साइटवर "अलाव" दाबलं गेलं असेल, त्या साइटची ती जाहिरात. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा, अनोळखी नावं काढून टाका. त्या खिडकीतल्या बटणावरून पैसे याआधी भरले असतील, तर कार्ड बंद करून नवं मागवा.