वाचकांचे सवाल : कोच बदला म्हणायच्या आधी टेप घेऊन ग्राउंडवर जा

प्रश्न : सर नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, कॉलेजचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम दरवर्षी इंटरकॉलेजिएटला जाते आन् पहिल्या नाहीतर दुसऱ्या मॅचमध्ये बाहेर होते. मी याच कॉलेजकडून खेळलेलो आहे म्हणून जीव जळतो. यंदा आम्ही गाडी करून पोट्ट्यांची मॅच पाहायला गेलो, हाफटाइमला आपण पुढं होतो, अन् तिसऱ्या क्वार्टरमध्ये सगळं गेलं. समोरचे कोपऱ्यातून थ्री वर थ्री (लांबून तीन-तीन पॉइंटचे बास्केट) मारून रायले आन् आमचे सर खुर्चीवर बसून, टाइमआऊट नाही, बदली नाही, झोन तेवढा २-३ चा २-३ च. बेंचवर दोनच पोट्टे होते, बाकीचे सोयाबीन सोंगणीला घरी. तेच पाच जण शेवटपर्यंत पळवले, एकाच्या पायात गोळे आले तरी तो उभाच. फ्री थ्रो तं अर्ध्याच्या वर वाया. आम्ही साइडनं ओरडलो तं सर आमच्यावरच चिडले. सगळे माजी खेळाडू मिळून प्राचार्यांना निवेदन द्यावं म्हणतो की कोच बदला. बरोबर आहे का हे?
– एक माजी खेळाडू

उत्तर : भाऊ, तुमचा राग खरा आहे. जो माणूस स्वतःच्या खर्चानं गाडी करून पोरांची मॅच पाहायला जातो त्याला बोलायचा हक्क आहे असं मी मानतो. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींतल्या काही कोचच्या आहेत, काही नाहीत, त्या वेगवेगळ्या करून पाहू, नाहीतर निवेदन जाईल, सर बदलतील आन् पुढच्या वर्षी नवीन सरांसोबत तीच टीम तशीच हरून येईल.

जी कोचची चूक आहे ती आधी. टाइमआऊट पहिल्या हाफमध्ये दोन आन् दुसऱ्या हाफमध्ये तीन मिळतात, पहिल्या हाफचे उरले तर पुढं चालत नाहीत, वाया जातात. एक टाइमआऊट म्हणजे एक मिनिट, थकलेल्या पोराला पाणी प्यायला अन् समोरच्याची लय तोडायला तेवढं पुरतं. समोरचा लागोपाठ दोन थ्री मारतो आन् आपला कोच टाइमआऊट घेत नाही, तर ही तक्रार रास्त आहे, तिथं सरांची बाजू मी घेणार नाही. झोनचंही तेच, झोन म्हणजे माणूस न धरता प्रत्येकानं आपापली जागा सांभाळायची. २-३ मध्ये खालचे तीन जण रिंगाखाली आन् वरचे दोन पुढं, कोपरा मोकळा राहतो हे सगळ्यांना माहीत असते, खालच्या कडेच्या पोरानं तिकडं पळत जाऊन हात वर करायचा असतो. थ्री-पॉइंटची लाइन रिंगापासून ६.७५ मीटर असली तरी कोपऱ्यात ती ६.६० वर येते, म्हणजे शूटरला तिथून जरा जवळ पडते, म्हणून शहाणी टीम तिथंच बॉल पोचवते. पहिल्या हाफमध्ये तुमचं पोट्टं वेळेवर पोचत होतं, तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक पाऊल उशिरा पोचायला लागलं, एवढाच फरक पडला आन् मॅच गेली. अशा वेळी झोन सोडून मॅन टू मॅन करायचं, म्हणजे प्रत्येकानं समोरचा एकेक माणूस धरायचा, नाहीतर निदान तो कडेचा पोरगा बदलायचा.

पण बदलायचा कोणाशी? टीममध्ये बारा जणांची जागा असते आन् तुमचे सात हजर होते. त्यातले दोन किती प्रॅक्टिसला आले असतील मला शंका आहे. ही गोष्ट मी आपल्या भागातल्या कित्येक कॉलेजात पाहिली आहे, प्रॅक्टिस चार वाजता लागते आन् खेड्यावर जायची शेवटची एसटी साडेपाचला, तर बाहेरगावची पोरं अर्धा तास खेळून बॅग उचलतात. त्यात मॅचेस बरोबर सोंगणीच्या नाहीतर कापूस वेचाईच्या दिवसांत. घरी मजूर मिळत नाही, बाप म्हणते आधी वावर, आन् बापाचं चुकत नाही. तालुक्याच्या गावात राहणारी पाच-सहा पोरं रोज येतात, म्हणून तेच पाच खेळतात, आन् १० मिनिटांचे चार क्वार्टर पाच जणांच्या पायात नसतात. प्रॅक्टिस सकाळी घ्या, पहिल्या गाडीनं येणारे पोचतील अशा टायमाला, अशी मागणी निवेदनात लिहा. सोंगणीचे आठ-दहा दिवस धरून सराव जुलैपासून सुरू करा, हेही लिहा. पेरणी आटोपली की पोरं मोकळी असतात.

आता फ्री थ्रो, म्हणजे फाऊल झाल्यावर लाइनवर उभं राहून कोणी न अडवता मारायचा शॉट. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथं तुम्ही स्वतः काहीतरी करू शकता. एखाद्या रविवारी मोजायचा टेप घेऊन कॉलेजच्या कोर्टवर जा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर पाहिजे. आपल्याकडं पोट्टे रिंगाला लोंबकळतात, रिंग पुढून वाकते, आन् एक-दोन इंच खाली गेलेल्या रिंगावर पोरं वर्षभर शूटिंग करतात. मग फ्री थ्रोची लाइन मोजा, बोर्डाच्या पुढच्या बाजूपासून ४.६० मीटर. कलर उडाला की कोणीतरी अंदाजानं नवीन पट्टा मारते, तो कधी पुढं असते कधी मागं. बोर्ड लोखंडी पत्र्याचा असेल तर बॉल त्यावरून मेल्यासारखा खाली पडतो, आन् युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये काचेच्या बोर्डावरून तोच बॉल टणकन उडून येतो. बॉल हातात घेऊन पहा, सिमेंटवर घासून गुळगुळीत झाला असेल, घामाच्या हातात पकड राहत नाही. या पोरांनी तिथं जाऊन फ्री थ्रो सोडले तर सगळा दोष त्यांच्या मनाचा किंवा सरांचा नाही, त्यांचा हातच दुसऱ्या अंतराला बसलेला आहे. रिंग सरळ करणं, पट्टा मोजून मारणं आन् दोन चांगले बॉल, हे माजी खेळाडूंनी वर्गणीतून केलं तर कोणाची परवानगी अडत नाही.

सरावाची पद्धत मात्र सरांनाच बदलावी लागेल. ताज्या अंगानं ओळीत उभं राहून वीस-वीस फ्री थ्रो मारायचे हा सराव कामाचा नाही. मॅचमध्ये फ्री थ्रो धापा टाकताना येते आन् बहुतेक वेळा दोनच येतात. म्हणून कोर्टाच्या चार फेऱ्या मारायच्या, दोन मारायचे, पुन्हा पळायचं. आन् बेंचवर एका पोराला फक्त टीम फाऊल, म्हणजे सगळ्या टीमचे मिळून झालेले फाऊल, मोजायला बसवा, एका क्वार्टरमध्ये चार झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो भेटतात, हे माहीत नसलं की पोरं उगाच हात मारत राहतात.

सरांबद्दल एक सांगतो. खेड्यातल्या कॉलेजात खेळाचा माणूस एकच असते. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, अॅथलेटिक्स, बुद्धिबळ, पोरांची टीम, पोरींची टीम, प्रवासाची बिलं, एंट्री फॉर्म, सगळं त्याच्याकडं, आन् तो मुळात कबड्डीचा माणूस असू शकते. त्याला काढून दुसरा आणला तर तो खो-खोचा निघेल. म्हणून मागणी अशी करा की सीझनपुरता बास्केटबॉलचा वेगळा कोच मानधनावर द्या, सर मॅनेजर म्हणून राहतील. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, तिथून शिकलेली माणसं आपल्या भागात आहेत, शोधा. तुमच्यापैकी कोणी खेळ सोडला नसेल तर तोही चालेल, बेंचवर सरांच्या बाजूला एक खुर्ची मागा.

आन् साइडनं ओरडणं बंद करा, हे मी मनापासून सांगतो. पोरगा फ्री थ्रोला उभा आहे आन् मागून आपल्याच गावचे लोक त्याच्या सरांना शिव्या घालून रायले, तर त्यानं बॉल पाहावा का तुमच्याकडं? पोरांच्या नावानं ओरडा, सरांशी जे बोलायचं ते मॅच झाल्यावर बाजूला घेऊन बोला.

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बास्केटबॉलचं वेड आहे. पण मुलींची टीम कधी जाते कधी जात नाही, सर म्हणतात पोरीच भरत नाहीत. तिची आई म्हणते सोडून दे. काय करावं?
– एक वडील, वाशिम जिल्हा

उत्तर : दादा, सोडायला सांगू नका. मॅच सुरू करायला कोर्टवर पाच जणी लागतात, म्हणजे आजारपण, परीक्षा धरून आठ जणींची सोय हवी. हॉस्टेलच्या पोरी आधी धरा, त्यांना गाडीची काळजी नसते. व्हॉलीबॉल, खो-खोच्या पोरी पटकन शिकतात. एवढं पहा की मुलींचा बॉल ६ नंबरचा असतो, कित्येक ठिकाणी त्यांच्या हातात पोरांचा ७ नंबरचा जुना बॉल देतात आन् मग म्हणतात पोरींना जमत नाही. परत यायला उशीर होते ही आईची काळजी असेल तर तीही बरोबर आहे, सोबत महिला प्राध्यापक पाठवा असं कॉलेजला लेखी मागा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण त्याला वरच्या पातळीवरची कामगिरी लागते, नुसत्या इंटरकॉलेजिएटवर ते भेटत नाही, म्हणून त्या आशेवर खेळवू नका. तिला आवडते, एवढ्यावर खेळवा.

प्रश्न : आमचे कोच म्हणतात पोरांना उंची नाही म्हणून हरतो. खरं आहे का?
– एक विद्यार्थी, बुलडाणा जिल्हा

उत्तर : अर्धं खरं. रिंगाखाली उंचीचा फायदा होतेच. पण समोरच्याला ८ सेकंदात बॉल अर्ध्या कोर्टाच्या पुढं न्यावा लागते, तिथं बुटकं पण चपळ पोट्टं उंच माणसाला रडवते, फुल कोर्ट प्रेस, म्हणजे समोरच्याला पूर्ण कोर्टभर अडवणं, शिका. आन् रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला, उडी मारायच्या आधी काम असते. शॉट सुटला की सगळे मान वर करून बॉल पाहत राहतात. तुम्ही बॉल नका पाहू, वळा, आपला माणूस पाठीवर घ्या, कंबर खाली, कोपर बाहेर, आन् त्याला रिंगापासून लांब अडकवून ठेवा. रोज प्रॅक्टिस संपताना जोड्या लावून हे दहा मिनिटं करा.