उद्देश एजंटला लिहू देऊ नका (आमचं काय झालं ते)

ताई, तुम्ही लिहिलंय की गावातल्या बायकांचा वारसा जपायला गट काढताय आणि एजंट म्हणतोय संस्थेच्या नोंदणीला लागणारे उद्देश माझ्याकडं टाईप केलेले तयार आहेत, तुम्ही फक्त सह्या करा. हे वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले. नका करू सह्या.

आमचं सुरू झालं पुतणीच्या हळदीत. हळद दळायला जातं काढलं, खुंट्याला आंब्याचा डहाळा बांधला, पाच सवाष्णी बसल्या आणि ओवी एकीलाही येईना. "पहिली माझी ओवी" म्हणून झालं की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं. मग कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं. ज्यांना ओव्या येत होत्या त्या आमच्या चुलत सासूबाई, ऐंशीच्या घरातल्या, विधवा म्हणून सैपाकघराच्या उंबऱ्याआड उभ्या. तिथनंच म्हणाल्या, बंद करा गं ते, आणि सुरू झाल्या. जात्याला हात न लावता सतरा ओव्या, मी मोजल्या. महिन्याभरात आम्ही नऊजणी जमलो आणि पहिला नियम ठरला, खुंटा कुणीही धरायचा, कपाळाकडं बघायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला २०२२ ला, आमचं त्याआधीचं, हे जरा मिरवायचं म्हणून सांगतेय.

मग गटाची संस्था म्हणून नोंदणी करायचं ठरलं. त्याला सात सभासद, घटना, ठराव वगैरे लागतं, तुम्हाला माहीतच असेल. आमची माती झाली ती उद्देशांच्या पानावर. एका ऑफिसात (नाव घेत नाही, अजून कामं पडतात) दोनदा ऐकून घेतलं की वारसाचं काम इथं नाही, तहसीलला जा. वारसा आणि वारस यातला फरक समजावता समजावता चार खेपा झाल्या, एसटीनं, दिवस मोडून. कंटाळून एजंट गाठला. त्यानं दुसऱ्या कुठल्यातरी मंडळाची यादी चिकटवली, वृक्षारोपण, वधूवर मेळावा, हरिनाम सप्ताह, मंदिर जीर्णोद्धार. ओवी हा शब्द नाही, खुंट्याचा नियम नाही. आणि आम्ही शिकल्यासवरल्या बायकांनी न वाचता सह्या ठोकल्या!

दोन वर्षांनी एकजण रेकॉर्डर आणि लॅपटॉपसाठी पैसे द्यायला तयार झाले, त्यांना ८०जी हवं होतं, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळते ते. ते अडलं त्या जीर्णोद्धारावर, धार्मिक उद्देश कसे काय म्हणून. उद्देश बदलायचे तर विशेष सभा, तीन पंचमांश मतं, मग महिन्यानं परत सभा आणि परत तेवढीच मतं. ऐन पेरणीत बायका आणायच्या कुठनं? (मी वकील नाही, आमच्या वेळचं सांगतेय, तुम्ही माहीतगाराला दाखवाच.) तोवर देणाऱ्यांनी पैसे दुसरीकडं दिले. सासूबाईंच्या ओव्या आता आहेत त्या माझ्या जुन्या मोबाईलवरच्या, मागं मिक्सरचा आवाज.

म्हणून आधी सगळ्या बसून आपल्या भाषेत लिहा, आपण हे का करतोय. पाच ओळी झाल्या तरी चालतील, कायद्याची भाषा नंतर चढवता येते.

अजून एक, प्रत्येक ओवीला बाईचं नाव आणि गाव लावाच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांच्या कामात लाखभर ओव्या जमल्या, त्यात कुणी गायली, कुठल्या गावची, हे लिहून ठेवलंय. आम्ही पहिल्या वहीत नुसत्या ओव्या उतरवल्या, आता कुणाची कुठली कळत नाही.

आणि नावात वारसा शब्द घालणार असाल तर तयारी ठेवा, बायका सातबारा घेऊन येतील. आमच्याकडं आल्या, वडिलांच्या जमिनीत नाव लागत नाही म्हणून. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे हे सुद्धा बऱ्याचजणींना कुणी सांगितलेलं नसतं. आमच्यातल्या दोघींना हे जमिनीचं काम घेणं पटत नाही, म्हणतात आपलं काम ओव्यांचं. मला विचाराल तर आलेल्या बाईला परत पाठवू नये, महिन्यातला एक शनिवार आम्ही त्यालाच ठेवलाय.

एजंटला आगाऊ पैसे दिले नसतील तर देऊ नका. आमचे साडेआठ हजार गेले, पावती अजून देतोय.