रात्री दहाच्या आतलं प्राग

यंदाच्या टपालात प्रागला निघालेल्यांची पत्रं बरीच आहेत, आणि त्यातली तीन थेट पबबद्दल. वेगवेगळी उत्तरं देत बसण्यापेक्षा एकत्रच घेते.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, ठाण्याची. ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी आठवडाभर प्रागला चाललेय. शनिवार मोकळा आहे, सोबत कुणी नाही. तिथल्या 'पब क्रॉल'ची जाहिरात पाहिली : एका रात्रीत चार बार, पहिला तास हवं तेवढं प्या, प्रत्येक बारमध्ये एक शॉट फुकट, शेवटी क्लबमध्ये एंट्री, वर टी-शर्ट. मला फार तर दोन ग्लास बिअर झेपते. शाकाहारी आहे. नवरा म्हणतो, जा बिनधास्त. आई म्हणते, दारू प्यायला गाइड कशाला लागतो? एकटीने जाऊ का?

उत्तर : जा. पण या जाहिरातीतल्या टोळक्यात नको.

आधी घड्याळाचं बघू. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रागच्या महापालिकेने ठराव करून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत अशा संघटित पब-फेऱ्यांवर बंदी घातली. तू एकटी किंवा मैत्रिणींबरोबर रात्री अकराला बारमध्ये बसलीस तर कुणी हटकणार नाही. बंदी आहे ती गाइडने घोळका घेऊन या बारमधून त्या बारमध्ये हिंडण्यावर. त्यामुळे जाहिरातीत 'रात्री ९ ते पहाटे ३' असं छापलं असेल, तर ती जुनी आहे किंवा आयोजक नियम धाब्यावर बसवतोय. दोन्हीकडे पैसे गुंतवू नकोस.

बंदीचं कारणही ऐकून ठेव, कारण आपण पर्यटक तिथे कुणाच्या तरी खिडकीखालून चालत असतो. प्रागच्या जुन्या शहरात दगडी फरशीच्या अरुंद गल्ल्या आहेत आणि वरच्या मजल्यांवर अजून माणसं राहतात. पन्नास जणांचा जथा घोषणा देत, गात, कोपऱ्यात ओकत पुढे सरकतो तेव्हा त्या घरांतली पोरंबाळं जागी होतात. वर्षानुवर्षं तक्रारी चालू होत्या. लोकांनी पायडल मारत बिअर प्यायची ती चाकांवरची टेबलं, 'बिअर बाइक', २०२१ मध्येच शहराच्या मध्यभागातून हद्दपार झाली. पुढची पाळी या फेऱ्यांची होती.

आता आईंचा प्रश्न. मी अनेक वर्षं युरोपात मराठी मंडळींचे ग्रुप फिरवले आहेत, म्हणून ठामपणे सांगते : प्रागमध्ये बिअर शोधायला गाइड लागत नाही. दरडोई बिअर पिण्यात चेक लोक जगात पहिले, दर कोपऱ्यावर पब आहे. गाइड लागतो तो आत बसायला आणि बसल्यावर काय चाललंय ते कळायला. जुन्या पबमध्ये टेबल रोजच्या गिऱ्हाइकांनी धरलेलं असतं, 'रिझर्व्हे'ची पाटी असते, वेटर हसत नाही, मेन्यूकार्ड बहुतेक चेकमध्ये. तिथे स्थानिक माणूस सोबत असला की वेटर निदान मान तरी हलवतो. फुकट शॉटवाल्या फेरीतला गाइड यातलं काहीच करत नाही. त्याचं काम मेंढरं मोजणं आणि वेळ झाली की पुढच्या बारकडे हाकणं. बार तेच, जिथून आयोजकाला कमिशन मिळतं. स्थानिक माणूस तिथे औषधालाही नसतो.

म्हणून शोध अशी फेरी : माणसं आठ-दहाच्या वर नाहीत, पब तीनच, प्रत्येक ठिकाणी बसायचं, संध्याकाळी पाच-सहाला सुरुवात आणि नवाच्या सुमारास शेवट. 'बिअर टूर' किंवा 'ब्रुअरी टूर' असं नाव असतं. जिझ्कोव भागात नेणारी मिळाली तर उत्तम. तो जुना कामगारवस्तीचा भाग, टेकडीवरचा, पबसाठी प्रसिद्ध. तिथल्या टीव्ही टॉवरवर डेव्हिड चेर्नी या शिल्पकाराची रांगणारी बाळं चिकटवलेली आहेत, ती बघून तुझी पहिली दहा मिनिटं जातील.

टेबलावर बसलीस की वेटर एक कागदाची पट्टी टाकून जाईल. ही पट्टी नीट समजून घे. प्रत्येक ग्लासमागे तो त्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो आणि शेवटी रेघा मोजून पैसे घेतो. तेच तुझं बिल, दुसरीकडे नोंद नसते. माझ्या एका ग्रुपमधल्या निवृत्त हेडमास्तरांनी त्या पट्टीच्या कोऱ्या जागेत हॉटेलचा फोन नंबर लिहून घेतला. वेटर आला, पट्टी उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि हेडमास्तरांना सगळ्यांसमोर जे काही चेकमध्ये सुनावलं त्याचं भाषांतर आमच्या गाइडने करायला साफ नकार दिला. गुरुजी म्हणाले, "चाळीस वर्षं मी मुलांना वहीत रेघोट्या मारू नका सांगत आलो!" तर पट्टीवर काही लिहू नको, घडी घालू नको, आणि आठवण म्हणून पर्समध्ये तर अजिबात टाकू नको.

दुसरी गंमत : काही जुन्या पबमध्ये ग्लास रिकामा झाला की न मागता दुसरा येतो. नको असेल तर ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची.

आणि तुझ्या 'दोन ग्लास'चा हिशेब. तिथला मोठा ग्लास अर्ध्या लिटरचा. मेन्यूवर बिअरपुढे १०, ११, १२ असे आकडे दिसतील. ते अल्कोहोलचे टक्के नव्हेत, उकळलेल्या मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, रसात साखरेचं प्रमाण किती होतं त्याचे अंश. दहा अंशांच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण ४ टक्के, बारा अंशांच्यात ५ च्या आसपास. म्हणजे बारा अंशांचा एक मोठा ग्लास आणि आपल्याकडच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग यांत अल्कोहोल जवळपास सारखंच. तीन पबमध्ये एकेक मोठा घेतलास तर तीन लार्ज झाले की! म्हणून 'माले' माग, म्हणजे छोटा, ३०० मिलीचा. आणि दहा अंशांची. हलकी दहाची बरेच चेक लोकही पितात, तेव्हा कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

फेस बघून "अर्धा ग्लास रिकामाच दिला" म्हणून भांडू नकोस. हा मराठी माणसाचा पहिला आक्षेप असतो, दर ग्रुपमध्ये एक तरी निघतोच. तिथे फेस हा बिअरचाच भाग. नळ बाजूला वळवून आधी ओला दाट फेस सोडतात आणि त्याच्याखाली बिअर भरतात, हवेशी संबंध कमी येतो म्हणून चव टिकते. वर तीन बोटं फेस असलेल्या भरण्याला 'ह्लादिंका' म्हणतात. 'म्लीको' मागितलंस तर ग्लासभर जवळजवळ फेसच येईल, गोडसर, आणि तो झटक्यात प्यायचा असतो. एकदा माग, गाइडला बरं वाटेल. ज्या सोनेरी पिल्सनरवर आज सगळ्या जगाची बिअर उभी आहे ती १८४२ मध्ये प्रागच्या पश्चिमेकडच्या प्लझेन शहरात पहिल्यांदा काढली गेली, हे तो तुला सांगणारच. पहिल्यांदाच ऐकतेयस असा चेहरा कर.

चकण्याचं जरा अवघड आहे. खारे शेंगदाणे मिळतील. बाकी पबचं खाणं म्हणजे डुक्कर आणि गाय. 'उतोपेनेत्स' दिसायला आपल्या लोणच्याच्या बरणीसारखं दिसतं, पण आत व्हिनेगरमध्ये मुरलेलं सॉसेज असतं. गुलाश बहुधा बीफचाच. तुझ्यासाठी 'स्माझेनी सीर' : पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला चीजचा जाड तुकडा, सोबत टार्टर सॉस आणि बटाटे. पोटाला आधार होतो. 'ब्राम्बोराक' हे बटाट्याचं लसूण घातलेलं धिरडं झकास लागतं, पण कधीकधी ते डुकराच्या चरबीत तळतात, तेव्हा गाइडकरवी विचारून घे. आणि पहिल्या पबच्या आधी काहीतरी खाऊनच नीघ.

राहिला एकटीचा प्रश्न. प्राग तसं सुरक्षित शहर आहे. तरी ग्लास टेबलावर सोडून टॉयलेटला गेलीस तर परत येऊन तो प्यायचा नाही, नवा मागायचा. अनोळखी माणसाने बाटलीतून ओतून आणलेला शॉट नाहीच. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये त्या देशात भेसळीच्या दारूतल्या मेथॅनॉलने तिसाहून जास्त माणसं दगावली आणि सरकारला काही काळ कडक दारूची विक्रीच बंद ठेवावी लागली होती. आज दुकानातल्या सीलबंद बाटलीची भीती नाही. पण 'फुकट, हवं तेवढं' अशा दारूवर माझा कुठल्याच देशात विश्वास नाही. फुकटात ओतणारा चांगलं ओतत नाही.

परतताना मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास, शुक्रवारी-शनिवारी तासभर उशिरा, बंद होते. त्यानंतर ९० च्या पुढच्या नंबरांच्या ट्राम रात्रभर धावतात आणि सगळ्या लाझार्स्का या थांब्याला एकत्र येतात. आपल्या एसटी स्टँडसारखा प्रकार : तिथे पोचलीस की पुढची गाडी मिळतेच. हॉटेल कुठल्या ट्रामवर आहे ते दुपारीच लिहून ठेव. अडचण आली तर ११२.

प्रश्न : माझं वय ६४, गाव वाई. मुलगा प्रागला नोकरीला आहे. आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणतो, "बाबा, एका संध्याकाळी गाइड घेऊन जुने पब दाखवतो." मी अधूनमधून घेतो, पण मुलासमोर आजवर घेतलेली नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. संकोच वाटतो.

उत्तर : अहो, त्याला ठाऊक आहे. आपल्याकडे घरोघरी कपाटाच्या वरच्या कप्प्यातली बाटली मुलांना दहावीतच ठाऊक असते.

गोळीचं तेवढं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना 'एखादा घोट' असं न म्हणता 'अर्धा लिटर बिअर' असं स्पष्ट सांगा. बाकी संकोचाला चेक पबसारखी दुसरी जागा नाही. तिथे आजोबा, बाप, नातू एका टेबलाला बसतात, कुणी तर्र होत नाही, गप्पा चालतात. मोठमोठ्याने बोललेलं मात्र आवडत नाही.

हुसोवा रस्त्यावर 'उ झ्लातेहो तिग्रा', म्हणजे 'सोनेरी वाघापाशी', नावाचा पब आहे. लेखक बोहुमिल ह्राबाल यांची तिथली बैठक ठरलेली. जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वाच्लाव हावेल अमेरिकेच्या बिल क्लिंटनना तिथे घेऊन गेले तेव्हा ह्राबालही टेबलावर होते. तो दुपारी तीनला उघडतो. मुलाला म्हणावं, गाइडची फेरी दुसऱ्या दिवशी ठेव, इथे आपण दोघंच तीनच्या आधी रांगेत उभे राहू. जागा मिळाली तर अनोळखी लोकांच्या टेबलावर मिळेल. बसण्याआधी "ये तू वोल्नो?" म्हणजे 'इथे जागा आहे का?' असं विचारायचं. ग्लास भिडवताना "ना झ्द्रावी" म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हा त्यांचा शिष्टाचार आहे. पहिल्यांदा मुलाच्या डोळ्यांत बघताना अवघडल्यासारखं होईल. दुसऱ्या घोटाला नाही होणार.

मुलाची गाडी असेल तर ती घरी ठेवायला सांगा. तिथे गाडी चालवणाऱ्याला अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे, अगदी शून्य. आणि फारच झाली तर, तुमची नाही होणार म्हणा, पण माहितीसाठी सांगते : तर्र झालेल्या माणसाला रात्रभर देखरेखीखाली ठेवणारं केंद्र, 'झाखित्का', १९५१ मध्ये प्रागमध्येच डॉ. यारोस्लाव स्काला यांनी सुरू केलं. आता अशी केंद्रं देशभर आहेत. सकाळी सोडताना बिल हातात देतात.

वहिनींना घरी बसवून जाऊ नका. त्यांनाही विचारा.

प्रश्न : मी अजिबात पीत नाही. मित्र चौघेही पिणारे, त्यांनी सगळ्यांसाठी बिअर टूर बुक केली आहे. मी नुसता पाणी पीत बसू का? (पुणे)

उत्तर : पाणी कशाला? शिवाय तिथे बाटलीतलं पाणी कधीकधी बिअरएवढंच महाग पडतं. बिनअल्कोहोलची बिअर बहुतेक पबमध्ये असते, कित्येक ठिकाणी नळावरची, तशाच ग्लासात, तसाच फेस. 'बिरेल' म्हणालात तरी कळतं. ती नको असेल तर कोफोला. १९६० पासूनचं त्यांचं स्वतःचं कोला, वनस्पतींचा वास असलेलं, आपल्या नेहमीच्या कोलापेक्षा कमी गोड. टूरवाल्यांना आधी कळवा, काही जण न पिणाऱ्याचे पैसे कमी घेतात. पट्टी तुमच्यापुढे ठेवून घ्या, शुद्धीत तुम्हीच असणार, रेघा मोजायचं काम आपोआप तुमच्याकडे येईल. कोफोला मागताना 'तोचेना' म्हणा, म्हणजे नळावरची. नुसतं कोफोला म्हटलंत तर बाटली येण्याची शक्यता जास्त, आणि नळावरची जास्त चांगली लागते.